तिसऱ्या आवृत्तीचा हिशेब

लोणारच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला सूटोपोलिसचं फारसं नवल वाटत नाही. चहूबाजूंनी उभे कडे, मध्ये पाणी आणि पाण्याच्या काठाने वस्ती, असं हे ‘पोकेमॉन’च्या खेळातलं शहर. आमच्या सुलतानपुरातली पोरं ते मोबाईलवर पहिल्यांदा पाहतात तेव्हा ‘हे तं आपलं लोणार’ म्हणूनच मोकळी होतात. २००२च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या जोडीतही हे शहर होतं. पण तिथे एका खेळात ग्राउडन हा महाकाय प्राणी जागा व्हायचा आणि दुसऱ्यात कायोगर. दोघांची गाठ कधी पडायची नाही. २००४ मध्ये जपानात आलेल्या ‘एमराल्ड’ने दोघांना एकाच वेळी या विवरात आणून झुंजवलं आणि ती झुंज मोडायला आभाळातून तिसरा, रेक्वाझा, उतरवला. शहर तेच, कडे तेच, पण जागेला आता काम मिळालं. सुधारून वाढवलेली आवृत्ती काढायचीच असेल तर ती अशी काढावी.

ही आवृत्त्यांची चाल पोकेमॉनच्या जन्मापासूनची. लहानपणी किडे गोळा करणाऱ्या सातोशी ताजिरींच्या डोक्यातून निघालेले ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन खेळ जपानात २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आले. दोन्हींत गोष्ट एकच, फक्त काही प्राणी याच्यात आणि काही त्याच्यात, म्हणजे दोन मुलांनी केबल जोडून देवाणघेवाण करावी. त्याच वर्षी चित्रं आणि चुका दुरुस्त करून ‘ब्लू’ निघाला, तोही आधी फक्त एका मासिकाच्या वाचकांसाठी, टपालाने. तेव्हापासून शिरस्ता पडला: आधी जोडी, मग वर्षा-दोन वर्षांनी तिसरा. गिऱ्हाइकाच्या खिशात दुसऱ्यांदा हात घालायचा हा धंदा आहे, असा संशय तेव्हापासूनचा आहे आणि तो खोटाही नाही. पण धंदा असला म्हणून काम वाईटच होतं असं नाही.

१९९८चा ‘यलो’ बघा. कार्टून गाजलं म्हणून घाईने काढलेला खेळ, असं त्याचं वर्णन सहज करता येतं. पिकाचू मागे-मागे चालतो, कार्टूनमधले जेसी-जेम्स वाटेत आडवे येतात. एवढंच असतं तर विषय संपला होता. पण पिकाचूपासून सुरुवात करायची म्हटल्यावर एक अडचण येते. पहिल्या जिमचा उस्ताद ब्रॉक दगडाचे प्राणी बाळगतो आणि ते जमिनीच्या जातीचेही असतात, त्यांच्यावर विजेचा हल्ला शून्य. म्हणजे आठ-दहा वर्षांचं पोर पहिल्याच दारात अडकणार. करणाऱ्यांनी काय केलं? गावाबाहेरच्या गवतात दगडाला भारी पडणारा मँकी सोडला, निडोरानला ‘डबल किक’ लवकर शिकवली आणि ब्रॉकच्या ओनिक्सची लेव्हल चौदावरून बारावर आणली. कुठे पाटी लावली नाही, की वेष्टनावर छापलं नाही. खेळणाऱ्याला वाटतं, मीच युक्ती काढली. सुधारणा अशी आतून केलेली असली की ती दिसत नाही, जाणवते. मी या साऱ्या आवृत्त्यांत ‘यलो’ला वरचं स्थान देतो ते पिकाचूच्या गोड चेहऱ्यासाठी नाही, या मँकीसाठी.

२०००च्या ‘क्रिस्टल’ने मुलीला नायिका म्हणून निवडायची सोय पहिल्यांदा दिली आणि प्राण्यांची चित्रं हलती केली. बाकी तो बेताचाच.

खरी परीक्षा ‘प्लॅटिनम’ची होती, कारण त्याच्या आधीचे २००६चे ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ मुळातच आजारी होते. पाण्यावरून जाताना झोप यावी इतका संथपणा, आणि लढाईत जीव दाखवणारी पट्टी उतरायला एवढा वेळ की तेवढ्यात चहा ढवळून व्हावा. त्याहून मोठी खोट पोकेडेक्सची, म्हणजे प्राण्यांच्या यादीची. सिनो प्रदेशाच्या १५१ प्राण्यांत अग्नीच्या जातीची घराणी दोनच, पोनिटाचं आणि चिमचारचं. परिणाम असा की शेवटच्या चौघा प्रतिस्पर्ध्यांमधला फ्लिंट, ज्याची ओळखच आगीचा उस्ताद अशी, तो मैदानात रॅपिडॅश आणि इन्फरनेप काढायचा आणि मग स्टीलिक्स, लोपनी, ड्रिफब्लिम. आगीच्या उस्तादाकडे ससा आणि फुगा! २००८ मध्ये ‘प्लॅटिनम’ आला तेव्हा यादी २१० वर गेली आणि फ्लिंटच्या चमूत हाऊंडूम, फ्लेरिऑन आणि मॅगमॉर्टर आले. चालही सुधारली. उलट्या-सुलट्या गुरुत्वाकर्षणाच्या ‘डिस्टॉर्शन वर्ल्ड’चं कौतुक पुष्कळ झालं, ते पाहायला मजेदार आहेच. पण ते अर्धा-पाऊण तासाचं प्रकरण. फ्लिंटची दुरुस्ती मात्र खेळाच्या पहिल्या काही तासांपासून लागू होते, कारण त्यांतले काही नवे प्राणी तुम्हालाही वाटेत भेटतात.

इथेच माझी फूटपट्टी ठरते. शेपटाला काय जोडलं यापेक्षा पहिल्या पाच-सहा तासांत काय बदललं ते पाहावं. जुनं सेव्ह नव्या खेळात चालत नाही. सगळं शून्यापासून, पुन्हा तोच प्राध्यापक, पुन्हा तोच पहिला प्राणी. ज्याने जुना खेळ पूर्ण केलाय त्याच्यावर ही सक्ती करायची तर त्याला रस्ताही वेगळा दिला पाहिजे. ‘एमराल्ड’ची ‘बॅटल फ्रंटियर’ सात निरनिराळ्या आखाड्यांची आहे, त्या काळी एवढं कुणी दिलं नव्हतं, तरीही ती खेळ संपल्यानंतरची गोष्ट. तिच्यापर्यंत न पोचलेल्यांनाही ‘एमराल्ड’ आवडतो तो वाटेतल्या बदलांमुळे.

या फूटपट्टीवर २०१७चे ‘अल्ट्रा सन’ आणि ‘अल्ट्रा मून’ साफ नापास होतात. मूळ जोडी २०१६च्या नोव्हेंबरात, ही पुढच्या नोव्हेंबरात, पूर्ण किमतीला. प्राणी शंभरेक वाढले, अल्ट्रा नेक्रोझ्माची लढाई घाम काढते, सारं कबूल. पण सुरुवातीचे कित्येक तास गोष्ट जवळपास संवादासकट तीच आणि मुळात जी चांगली होती, ती लिली नावाच्या मुलीची आणि तिच्या आईची कथा, तीच पातळ केलेली. शाळेच्या गाइडांचं मुखपृष्ठ दर जूनला बदलतं आणि आतले प्रश्न तेच राहतात, तसा प्रकार. त्याआधी २०१२च्या ‘ब्लॅक २’ आणि ‘व्हाइट २’ने सरळ दोन वर्षांनंतरची नवी गोष्ट सांगितली होती, तो रस्ता सोडून ही मंडळी मागे का फिरली, कळत नाही.

पुढे ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’पासून तिसरी आवृत्तीच बंद झाली. २०२०च्या जून आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना दोन नवे भूभाग जोडले गेले, जुन्या सेव्हवरच. पुन्हा शून्यापासून सुरुवात नाही, ही मोठी सोय. पण गेलं काय तेही बघा. भूभाग बाजूला चिकटवला की मूळ खेळाच्या खोटी जशाच्या तशा राहतात. ब्रॉकसमोर मँकी सोडण्याचं काम जोडपत्र करू शकत नाही.

आता आमच्याकडची गोष्ट. सुलतानपूर-मेहकर पट्ट्यात निन्टेन्डोचं कार्ट्रिज कुणी विकत घेतल्याचं मला तरी आठवत नाही. टीव्हीवर हिंदी बोलणारा पिकाचू आला, मग मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची त्यातच हे खेळ यायला लागले. कायद्याने ही नक्कल बेकायदाच, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण टीकेच्या दृष्टीने यातून एक वेगळी स्थिती निर्माण झाली. इथल्या पोराने ‘रुबी’ आधी आणि ‘एमराल्ड’ नंतर असं खेळलंच नाही. त्याच्या हाती आधी ‘एमराल्ड’च पडला. त्याला तिसरी आवृत्ती हीच पहिली आणि बहुधा एकुलती एक. दुसऱ्यांदा पैसे गेले ही तक्रार त्याची नाही. त्याची तक्रार निराळी आहे: ‘कडाब्रा पुढं जातच नाही ना राजेहो!’

कडाब्रा, मचोक, हॉन्टर, ग्रॅव्हलर हे प्राणी लेव्हल कितीही वाढवली तरी शेवटच्या रूपात जात नाहीत; दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल केली तरच जातात. टोकियोच्या शाळेत मधल्या सुट्टीत केबल जोडणाऱ्या मुलांसाठी ही गंमत होती. फोनवरच्या एमुलेटरवर एकट्याने खेळणाऱ्यासाठी ती भिंत आहे. आणि सुधारित म्हणवणाऱ्या आवृत्त्यांनी नेमकी हीच भिंत सांभाळून ठेवली. ‘यलो’त बीडरिल नाही, मिआउथ नाही, ‘एमराल्ड’मध्ये झँगूस नाही, लुनाटोन नाही. शेजाऱ्याकडे जुना खेळ असेल तरच घर पूर्ण होणार. जोडी विकायचा धंदा टिकवायचा तर हे करावं लागतं, हे समजतं. पण मग ‘संपूर्ण आवृत्ती’ हा दावा लंगडा पडतो. ही गाठ सुटली ती थेट जानेवारी २०२२ मध्ये, ‘लेजंड्स: आर्सेउस’ने ‘लिंकिंग कॉर्ड’ नावाची वस्तू दिली तेव्हा. ती वापरली की कडाब्रा एकट्याच्या घरीही अलाकाझाम होतो. जवळपास सव्वीस वर्षं लागली.

हौशी मंडळींनी हे काम आधीच करून टाकलं होतं. जुन्या खेळांचा सांगाडा घेऊन त्यांनी स्वतःच्या आवृत्त्या काढल्या. ‘रेनेगेड प्लॅटिनम’ त्यातली गाजलेली. अदलाबदलीची अट काढून टाकलेली, सगळे प्राणी एकाच खेळात, शत्रूंचे चमू नव्याने बांधलेले. यांत अतिरेकही आहे. प्रत्येक लढाई अवघड केली म्हणजे खेळ चांगला झाला, अशी समजूत या मंडळींत फार बोकाळली आहे आणि तिने कितीतरी हौशी आवृत्त्या कंटाळवाण्या केल्या आहेत. तरी खेळणारा एकटा असू शकतो, हे त्यांना कंपनीच्या आधी सुचलं. ‘पोकेमॉन गो’ची कथा उलटी: डिसेंबर २०१६ मध्ये जिओचा हात धरून तो भारतात रीतसर आला, २०२३ मध्ये हिंदी बोलायला लागला, पण त्याचे थांबे पुण्या-मुंबईत पावलापावलावर आणि आमच्यासारख्या गावी शोधूनही सापडेनात. नवनवी भर सतत पडते, ती गावापर्यंत पोचत नाही.

कुणी विचारलंच की एकच खेळायचा तर कुठला, तर माझं उत्तर ‘प्लॅटिनम’. ज्याला जुन्या चित्रांचा कंटाळा नाही त्याने ‘यलो’ही खेळावा, ब्रॉकपर्यंत तरी. ‘एमराल्ड’ आमच्याकडे सगळ्यांचा खेळून झालेलाच असतो. आणि ज्याने ‘सन’ किंवा ‘मून’ पूर्ण केलाय, त्याने ‘अल्ट्रा’च्या नादी लागू नये.