रेक्झिनचा टँगो

मिश्रण हा शब्द आमच्या संगीतरसिकांत फारशा आदराने उच्चारला जात नाही. जोडरागास आपण मान देतो. पण दोन देशांच्या चाली एकत्र आल्या, की भेसळीची शंका येते. रोलाँ दियेंस यांच्या एकट्या गिटारीसाठी लिहिलेल्या रचना ऐकावयास बसलो तेव्हा ती शंका माझ्याही मनात होती. त्यात भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही चालू. त्यापुढे या सहा तारांचा निभाव कसा लागावा?

दियेंस 1955 साली भूमध्य समुद्राकाठी ट्युनिस येथे जन्मले आणि 2016 साली पॅरिस येथे निवर्तले. त्यांची ‘टँगो आँ स्काई’ ही रचना वादकांत फार लोकप्रिय आहे. स्काई म्हणजे नकली कातडे, आपले रेक्झिन म्हणा ना! आपला टँगो अस्सल नव्हे, हे रचनाकाराने नावातच कबूल करून टीकाकाराची पंचाईत केली आहे. रचना चतुर आहे खरी. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या श्रवणी तीत थट्टेखेरीज फारसे उरत नाही, असे माझे मत आहे.

‘लिब्रा सोनातीन’ची गोष्ट निराळी. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर लिहिलेल्या या कृतीचे तीन भाग आहेत: शस्त्रक्रियेपूर्वीचा, तिच्या वेळचा आणि नंतरचा. पहिल्याचे नाव ‘इंडिया’. नाव वाचून सतारीची नक्कल ऐकू येईल अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात भेटली ती लयीची अस्वस्थता. अखेरच्या ‘फुओको’त, म्हणजे अग्नीत, जाझची उसळी आहे, तारा छेडल्या न जाता जणू झोडल्याच जातात. येथे परक्या लयी शोभेसाठी आलेल्या नाहीत. जिवावरच्या संकटातून उठलेल्या माणसास धावावयाचे आहे, आणि जी लय हाती लागेल ती तो घेतो.

गोविंदराव टेंब्यांनी 1911 साली ‘मानापमाना’त पूरबेकडील ठुमरी-दादऱ्याच्या चाली आणल्या, त्या आज कोणास परक्या वाटतात? नाट्यपदावर डोलणाऱ्या मराठी श्रोत्याने केवळ मिश्रणास नाक मुरडणे शोभत नाही. चाल कोठून आली यापेक्षा ती का आणली, हे विचारावे.

मधला ‘लार्गो’ मात्र मागांच्या आवाजात ऐकू येत नाही. येथे वीज गेली की माग थांबतात. तेव्हा मी तो लावतो.