एकोणिसावे स्तोत्र : सृष्टीची साक्ष आणि सूर्याची धग

स्तोत्रसंहितेतील एकोणिसाव्या स्तोत्राला निसर्गस्तोत्र म्हणून जी कीर्ती लाभली आहे, ती वस्तुतः त्याच्या पूर्वार्धाची कीर्ती आहे. या चौदा वचनांच्या रचनेत पहिली सहा वचने आकाश, दिवस, रात्र आणि सूर्य यांना दिलेली आहेत. सातव्या वचनापासून एकाएकी नियमशास्त्राची स्तुती सुरू होते आणि अखेरीस भक्त स्वतःच्या दोषांविषयी बोलू लागतो. जोसेफ ॲडिसनने १७१२ साली ‘स्पेक्टेटर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी गीतात पूर्वार्ध तेवढा उचलला. हायडनच्या ‘सृष्टी’ या १७९८ मध्ये प्रथम सादर झालेल्या संगीतरचनेतील समूहगीतही आकाशाच्या साक्षीपाशीच थांबते. हेर्मान गुंकेलने आपल्या १९२६ च्या भाष्यात तर ही दोन स्वतंत्र स्तोत्रेच मानली. भाविक रसिक आणि चिकित्सक पंडित यांनी एकाच जागी सुरी चालवावी, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

विभाजनाची बाजू लंगडी नाही. सातव्या वचनापाशी छंद पालटतो आणि देवाचे नावही पालटते. पूर्वार्धात ‘एल’ हे सामान्यनाम एकदाच येते. उत्तरार्धात ‘याव्हे’ हे विशेषनाम सात वेळा येते. प्रचलित मराठी भाषांतरात ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ या शब्दांनी हा भेद राखलेला आहे. परंतु हा पालट दोन लेखकांचा पुरावा मानावयाचा की एकाच लेखकाच्या चढत्या विचाराचा, हे नावांच्या मोजदादीवरून ठरत नाही. त्यासाठी शब्दांची वीण पाहावी लागते.

सहाव्या वचनात सूर्याविषयी शेवटचे विधान असे आहे की त्याच्या उष्णतेपासून काहीही ‘निस्तार’, म्हणजे लपलेले, राहत नाही. बाराव्या वचनात भक्त ज्या दोषांतून सुटका मागतो त्यांना ‘निस्तारोत’ म्हटले आहे, म्हणजे लपलेले दोष. धातू एकच आहे. (संस्कृत-मराठीतील ‘निस्तार’ या शब्दाशी असलेले ध्वनिसाम्य मोहक असले तरी निव्वळ आकस्मिक आहे.) हा धागा लक्षात घेतला म्हणजे सूर्याचे वर्णन केवळ शोभेचे राहत नाही. आरंभी तो नवरदेवासारखा मांडवाबाहेर येतो, धावपटूसारखा उल्हसित असतो. पण वर्णन उत्सवावर संपत नाही, ते धगीवर संपते. त्या धगीखाली उभा असलेला मनुष्य पुढच्या अर्ध्या भागात बोलतो. ॲडिसनच्या सूर्यात तेज आहे, सामर्थ्याचे प्रदर्शन आहे, धग नाही. म्हणूनच त्याच्या गीताला उत्तरार्धाची गरज भासली नाही.

सूर्य आणि न्याय यांचा संबंध प्राचीन पश्चिम आशियात रूढ होता. हम्मुराबीच्या शिलालेखाच्या माथ्यावर राजा उभा आहे तो सूर्यदेव शमाशापुढे. स्तोत्रकर्त्याने सूर्याचे देवत्व काढून घेतले, त्याला देवाने उभारून दिलेल्या मंडपात राहावयास लावले. साक्षीदाराचे काम मात्र त्याच्याकडेच ठेवले. सूर्याला ‘कर्मसाक्षी’ म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला हे सहाव्या वचनाचे मर्म अठराव्या शतकातील इंग्रज वाचकापेक्षा लवकर उमगावे.

तिसऱ्या वचनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दिवस दिवसाशी बोलतो असे म्हटल्यावर लगेच हिब्रू पाठ सांगतो की तेथे भाषण नाही, शब्द नाहीत, आवाज ऐकू येत नाही. प्राचीन ग्रीक भाषांतराने या शेवटच्या निषेधाला संबंधी उपवाक्य केले आणि लूथरच्या जर्मन व १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत तोच अर्थ स्थिरावला : आकाशाचा आवाज जेथे पोहोचत नाही अशी भाषाच नाही. व्याकरण हा अन्वय अगदीच नाकारीत नाही. तथापि आधुनिक भाषांतरकारांपैकी बहुतेकांनी सरळ निषेधच स्वीकारला आहे आणि संदर्भाला तोच अधिक मानवतो. सृष्टी सांगते, पण शब्दांत सांगत नाही. तिच्याकडून महिमा कळतो, आज्ञा कळत नाही; म्हणून शब्दरूप नियमशास्त्राला जागा उरते.

‘पवित्र’ या अर्थाचा ‘कादोश’ हा शब्द या स्तोत्रात एकदाही येत नाही. रुडॉल्फ ओटोने १९१७ च्या ग्रंथात पावित्र्याच्या अनुभवातील जे भय आणि आकर्षण एकत्र दाखविले, ते येथे संज्ञेवाचून उतरले आहे : दहाव्या वचनातील मधाची गोडी आणि बाराव्यातील अस्वस्थता शेजारीशेजारी आहेत. ही अस्वस्थता भाषांतरात सहज बोथट होते. ‘नक्केनी’ या क्रियापदाचा रोख दोषमुक्त ठरविण्याकडे आहे, तो शब्द न्यायासनाजवळचा आहे. इंग्रजी अधिकृत भाषांतराने तेथे स्वच्छ करण्याचे क्रियापद योजले. मराठीत ‘शुद्ध कर’ म्हटले की स्नान आणि सोवळे यांची छाया पडते, आणि सूर्याच्या साक्षीने चाललेली चौकशी दिसेनाशी होते.

अखेरच्या वचनात भक्त आपल्या तोंडचे शब्द आणि मनातील चिंतन मान्य व्हावे अशी विनंती करतो. तेथील ‘रात्सोन’ ही संज्ञा लेवीय ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात मंडपाच्या दाराशी आणलेल्या बलिपशूच्या स्वीकारासाठी आली आहे. आकाशाच्या निःशब्द बोलण्यापासून निघालेल्या या स्तोत्रात अर्पणासाठी पुढे केले जातात ते माणसाचे शब्द.