नाणेघाट : लेख आणि वाट

नाणेघाटाचे महत्त्व सांगताना विवेचन बहुधा लेण्यातील ब्राह्मी लेखापाशीच थांबते. इ. स. पूर्व १ल्या शतकातील समजल्या जाणाऱ्या, राणी नागनिकेच्या या लेखात यज्ञांची व दक्षिणेची गणना आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. मागील भिंतीवरील राजकुलाच्या प्रतिमा नष्ट झाल्या. सिमुक, सातकर्णी आदी नावे तेवढी उरली. केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयातही उद्ध्वस्त वस्तीतील रस्त्यांच्या नामपाट्या जपल्या आहेत. परंतु तेथे आठवण राहिली ती सामान्य रहिवाशांची. येथे केवळ राजकुलाची. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरकडे चढविणारांचे नाव या भिंतीवर नाही. त्यांचे साधन म्हणजे मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याहून वर जाणारी दगडी पायऱ्यांची वाट होय. जुन्नरच्या बाजूने मोटारीने माथ्यावर येऊन केवळ लेख पाहणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीतून हे साधन निसटते. मग यज्ञातील दान हाच सातवाहनकाळाचा इतिहास, असा एकांगी ग्रह होतो. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलीचा आरंभ वैशाखऱ्यापासून व्हावा, आणि लेखाच्या ठशाबरोबर वाटेचेही मोजमाप व आरेखन त्यांच्याकडून करून घ्यावे.