श्रीधराची ओवी आणि आमचे कान

वाचनाची गोडी पुस्तकानं लागते, असं शिकलेली माणसं सांगतात. आमच्याकडं ती कानानं लागली आणि लावणारा होता नाझऱ्याचा श्रीधर. त्याचा हरिविजय १७०२ सालचा, पांडवप्रताप १७१२ चा. पण चातुर्मासात देवळात पोथी लागली, की तो कालपरवाच लिहून गेल्यासारखा वाटायचा.

पंडितांनी श्रीधराला मुक्तेश्वराच्या खालच्या पायरीवर बसवलंय. म्हणे सोपा आहे, पाल्हाळ लावतो. पाल्हाळ लावतो हे खरंच. लढाई लांबली की निम्मी म्हातारी माणसं खांबाला टेकून पेंगायची. पण सोपेपणाला दोष का म्हणावं? दिवसभर औत हाकून आलेल्या गड्याला एका ऐकण्यात कळेल असं लिहायला मेहनत लागते. आमच्यात एकानं वाचायचं अन् दुसऱ्यानं अर्थ सांगायचा अशी रीत. श्रीधराच्या पोथीला त्या दुसऱ्याला फारसं काम उरायचं नाही.

त्याची ओवी ऐकून बघा. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा मोकळा. तीनदा कासरा ताणायचा, चौथ्यांदा सैल सोडायचा. आम्ही पाच-सहा वर्षांची पोरं. दोन चरण कानावर पडले, की तिसऱ्याचा शेवट आमच्या ओठावर यायचा. कधी बरोबर निघायचा. कधी श्रीधर भलताच शब्द काढायचा आणि तो आमच्यापेक्षा सरस असायचा. पुढं काय येतंय याची ओढ, तेच खरं वाचन. अक्षरं पुढं शाळेनं दिली; ओढ त्याआधीच लागलेली.

मात्र ती सगळ्यांना सारखी मिळाली नाही. श्रीधरानं प्राकृतात लिहून संस्कृताचं कुलूप काढलं, पण गावानं देवळाची पायरी तशीच ठेवली. काही घरची पोरं खाली अंधारात बसायची. वारा फिरला की त्यांच्या वाट्याला अर्धीच ओवी. पोथीचे गोडवे गाताना हेही सांगितलं पाहिजे.

आता शाळा सगळ्यांना आहे, रंगीत पुस्तकंही आहेत. पण पुस्तक पोराच्या हातात देऊन आपण उठून जातो. पोथीच वाचा असं माझं म्हणणं नाही. गाणं वाचा, गोष्ट वाचा, पण मोठ्यानं वाचा. आणि यमकापाशी जरा थांबा. पोरगं शब्द पुरवतंय का बघा.