मंद पावलांची यात्रा : मार्जरी केंपच्या ग्रंथाचे दुसरे पुस्तक

आपल्या परिचयाच्या प्रवासवर्णनांतील प्रवासी बहुधा धडधाकट असतो. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथात १८५७ च्या धामधुमीतून निभावून, गंगेची कावड घेऊन घर गाठणारा भिक्षुक भेटतो. त्यानंतरच्या काळात युरोप-अमेरिकेची वर्णने लिहिणाऱ्यांचेही पाय सहसा कुरकुरत नाहीत. ज्याचे वय साठीला पोहोचले आहे, पाय नुकताच दुखावला आहे, परमुलखाची भाषा अवगत नाही आणि सोबतीला हक्काचे माणूस नाही, अशा प्रवाशाची हकीकत साहित्यात फारशी आढळत नाही. पंधराव्या शतकातील एका कॅथलिक गृहिणीने ती सांगून ठेवली आहे. 'मार्जरी केंपचा ग्रंथ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आत्मकथनाच्या दुसऱ्या, छोटेखानी पुस्तकाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

मार्जरीचा जन्म १३७३ च्या सुमारास, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लिन या बंदरातला. तिचे वडील त्या नगराचे पाच वेळा मेयर झाले. तिला चौदा अपत्ये झाली. पहिल्या बाळंतपणानंतर तिच्या मनाचा तोल गेला आणि ख्रिस्तदर्शनाने ती सावरली, असे ती सांगते. बिअर गाळण्याचा आणि घोड्याच्या चक्कीचा असे दोन्ही धंदे बुडाले. पुढे पतीच्या संमतीने ब्रह्मचर्य स्वीकारून तिने १४१३ मध्ये जेरुसलेमची वाट धरली, रोम पाहिले, १४१७ मध्ये सांतियागोही गाठले. प्रभूच्या दुःखसहनाचे स्मरण होताच ती मोठमोठ्याने रडे. त्या रडण्याने सहप्रवासी कावत, प्रवचन करणारे धर्मगुरू संतापत. पाखंडाच्या आरोपावरून तिची चौकशी झाली, पण आरोप टिकला नाही.

या ग्रंथाचे दैवही त्याच्या नायिकेसारखेच भटके. मार्जरीला लिहिता येत नव्हते. तिने सांगितले आणि दुसऱ्यांनी लिहिले. पहिल्या लेखनिकाची भाषा इंग्रजी व जर्मन यांच्या सरमिसळीची, अक्षर दुर्बोध. एका धर्मगुरूंनी बऱ्याच चालढकलीनंतर १४३६ मध्ये ते नव्याने लिहिण्यास घेतले आणि १४३८ मध्ये दुसरे पुस्तक जोडले. पुढे हस्तलिखित हरवले ते चार शतकांहून अधिक काळ. १९३४ मध्ये बटलर-बाउडन या जुन्या कॅथलिक घराण्याच्या कपाटातून ते बाहेर आले आणि होप एमिली ॲलन या विदुषीने ते ओळखले. याच १९३४ मध्ये आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला, हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटतो. दोघीही शाळेवाचून वाढलेल्या आणि दोघींचे गद्य बोलीच्या अंगाने जाणारे. मात्र लक्ष्मीबाई स्वतःला हसतात. मार्जरी हसत नाही. तिच्या ग्रंथातील विनोद तिच्या नकळत घडतो.

ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात एकोणनव्वद प्रकरणे आहेत, दुसऱ्यात अवघी दहा. अभ्यासकांचे लक्ष साहजिकच पहिल्यावर खिळते. तेथे दृष्टांत आहेत, चौकश्या आहेत, नॉर्विचच्या ज्युलियनसारख्या थोर साध्वीची भेट आहे. दुसऱ्याकडे शेपूट म्हणून पाहिले जाते. आमचे मत वेगळे आहे. पहिल्या पुस्तकातील मार्जरी आपण देवाला किती प्रिय आहोत हे पुनःपुन्हा सिद्ध करू पाहते. दुसऱ्यातील मार्जरीला पुढच्या गावापर्यंत पोहोचायचे असते. सिद्ध करण्याची निकड ओसरल्यामुळे तेथील गद्य अधिक खरे उतरले आहे.

कथाभाग असा. मार्जरीचा एक मुलगा डान्झिग (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) येथे स्थायिक झाला होता. तो पत्नीसह आईच्या भेटीस आला आणि लिन येथेच वारला. त्याच सुमारास मार्जरीचा वृद्ध पतीही निवर्तला. पुढे विधवा सून माहेरच्या मुलखाला निघाली. मार्जरीने तिला इप्सविच बंदरापर्यंत पोहोचवून परतावे, एवढेच ठरले होते. तिचा पाय नुकता दुखावला होता आणि पुरता बरा झाला नव्हता. वय आणि पाय या दोन्ही कारणांवरून पापनिवेदन ऐकणाऱ्या तिच्या धर्मगुरूंनी तिला समुद्रापार जाण्यास मनाई केली होती. परंतु देवाची आज्ञा झाली असे सांगून १४३३ मध्ये ती ऐनवेळी जहाजावर चढली. उपवासकाळ संपत आला होता. वादळाने जहाज भरकटले. उत्तम शुक्रवारी ते नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले आणि पुनरुत्थानाचा सण तेथेच झाला.

डान्झिगमध्ये ती पाच-सहा आठवडे राहिली. लोकांनी तिला मायेने वागवले, मात्र सुनेला तिचे येणे रुचले नव्हते. निघण्याची वेळ आली तेव्हा इंग्रज म्हणून तिला परवानगी मिळेना. लिनच्या एका व्यापाऱ्याच्या खटपटीने ती मिळाली. परक्या देशाच्या परवान्यासाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवलेल्या आमच्या वाचकांना हे प्रकरण जुने वाटणार नाही. मग श्ट्रालझुंडमार्गे ती विल्सनाकला गेली. १३८३ मध्ये तेथील चर्च जळाले आणि राखेत रक्तांकित झालेल्या तीन पवित्र होस्त्या सापडल्या, अशी श्रद्धा होती. या भक्तीविषयी धर्मसभेतच वाद होता आणि १५५२ मध्ये ती संपुष्टात आली. तेथून मार्जरी आखेनला गेली. आखेनचे अवशेष १३४९ पासून दर सात वर्षांनी दर्शनासाठी बाहेर काढण्याचा प्रघात आहे. १४३३ हे त्यांपैकीच एक वर्ष. संत मार्गारेटच्या सणादिवशी तिला पवित्र मरियेच्या वस्त्राचे दर्शन घडले. पुढे कॅले, डोव्हर, कँटरबरी, लंडन आणि अखेर लिन.

नकाशावर ही यात्रा मोठी दिसते. ग्रंथात मात्र तिचे माप वेगळेच आहे. मार्जरी अंतर कोसांत मोजत नाही. बरोबरचा माणूस किती भरभर चालतो यावर ती अंतर मोजते. विल्सनाकच्या वाटेवरील सोबती शत्रूमुलखाच्या भीतीने झपाझप चालतो, तिला सोडून जाण्याची संधी शोधतो आणि ती धापा टाकत मागे राहते. आजारी पडते तेव्हा एका झोपडीत थोड्याशा पेंढ्यावर पडून राहते. अखेरीस गाडीत घालून तिला तीर्थस्थानी नेतात. आखेनच्या वाटेवर हाच सोबती तिला टाकून जातो. साठीची ही बाई रात्री खाणावळीत घरधनिणीला विनवून नोकर मुलींना आपल्याजवळ झोपायला बोलावते, कारण तिला अब्रूची भीती वाटते. नंतर तिला भिकाऱ्यांचा तांडा भेटतो. ते गावाबाहेर बसून कपडे उतरवून उवा वेचतात. तिला लाज वाटते, म्हणून ती कपडे उतरवत नाही आणि त्यामुळे त्यांच्या उवा तिच्या अंगावर येतात. तरीही आखेनपर्यंत ती त्यांच्याबरोबर राहते, कारण त्यांनी तिला बरोबर राहू दिले. लंडनची एक प्रतिष्ठित विधवा नोकरचाकरांसह तेथे आलेली असते. ती सोबतीचे वचन देते आणि गुपचूप निघून जाते. पुढे मार्जरीने तिला गाठले तेव्हाही ती तिला जवळ करत नाही.

एक आक्षेप येथे नोंदवला पाहिजे. डान्झिगसारख्या संपन्न बंदरात महिना-सव्वा महिना राहूनही मार्जरीने त्या शहराचे चार ओळींचे वर्णन केलेले नाही. आखेनला शार्लमेनने उभारलेले अष्टकोनी प्रार्थनामंदिर आहे. त्याचाही उल्लेख नाही. वर्णनाची आवड असलेल्या मराठी वाचकाची निराशा होईल. हा दोष आम्ही झाकू इच्छित नाही. मात्र त्याचे कारण लेखिकेच्या निरीक्षणशक्तीत शोधणे चुकीचे ठरेल. कॅलेच्या वाटेवरील खोल वाळू, चढ आणि उतार तिने नेमके टिपले आहेत. दुखऱ्या पायाने चालणाऱ्याची नजर जमिनीवर असते. मनोरे पाहण्यासाठी मान वर करण्याची चैन त्याला परवडत नाही. धडधाकट प्रवाशाने लिहिलेल्या ग्रंथात शहर असते आणि वाट नसते. येथे त्याच्या उलट आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मार्जरी स्वतःविषयी बोलताना 'मी' म्हणत नाही, 'हा जीव' म्हणते. हा नम्रतेचा प्रकार खरा, परंतु त्याच्या आडोशाने इतरांचे म्हणणे दडपले जाते. नवऱ्याचा मृत्यू नुकताच सोसलेली सून सासूच्या अचानक येण्याने का कावली असेल, हे ग्रंथ विचारीत नाही. घाबरलेल्या सोबत्याची बाजूही पुरती येत नाही. ज्याच्या गतीला मर्यादा आहेत तो माणूस नेहमीच योग्य असतो असे नव्हे. त्याच्याही अंगी हट्ट असू शकतो. मार्जरीच्या अंगी तो भरपूर होता.

मग धर्मगुरूंच्या मनाईचे काय? आमचा पेशा तोच असल्यामुळे या प्रश्नावरून पुढे सरकणे आम्हांस शक्य नाही. वय झाले आहे, पाय बरा नाही, जाऊ नका, हा सल्ला शहाणपणाचाच होता आणि पुढे घडलेल्या हालांनी तो खरा ठरवला. परतल्यावर त्यांनी तिला कडक शब्दांत सुनावले. तिने ते ऐकून घेतले आणि पुन्हा त्यांचे मन मिळवले. एका धर्मगुरूची अवज्ञा दुसऱ्या धर्मगुरूने कागदावर उतरवावी आणि मनाई करणाऱ्याची बाजूही त्यात रास्त दिसावी, हा या लेखनाचा मोठा गुण आहे. तरीही एक गोष्ट ध्यानात येते. सल्ल्यात वय होते आणि पाय होता. तिला एवढ्या दूर काय ओढून नेत आहे, याची विचारपूस नव्हती. एकाच सुमारास पती आणि पुत्र गमावलेल्या आईला पुत्राचे घर जेथे होते तो मुलूख पाहावासा वाटला असेल काय? मार्जरी तसे म्हणत नाही. ती देवाच्या आज्ञेकडे बोट दाखवते. परंतु देवाची आज्ञा अनेकदा माणसाच्या दुःखाच्या वाटेनेच येते, असे आम्ही मानतो.

या पुस्तकातील सर्वांत मोलाचा प्रसंग कॅलेनंतरचा आहे. कॅलेत एका भल्या बाईने तिला न्हाऊ घालून नवे वस्त्र दिले. डोव्हरच्या जहाजावर तीच लंडनची विधवा होती. समुद्र खवळला, सारे प्रवासी ओकू लागले आणि विधवेची अवस्था सर्वांत वाईट झाली. मार्जरीला मात्र काही झाले नाही. जिने आपल्याला वाटेत टाकले तिचीच शुश्रूषा ती झटून करते. लेखनिकाने यावर कोणतेही प्रवचन जोडलेले नाही. डोव्हरला उतरताच सारे पुन्हा आपापल्या वाटेने जातात आणि मार्जरी एकटी उरते. एक गरीब माणूस आपल्या घोड्यावरून तिला कँटरबरीला पोहोचवतो. उपकाराची परतफेड झाली नाही, हे सांगतानाही सूर चढत नाही. पहिल्या पुस्तकातील मार्जरीला हे साधले नसते.

उत्पत्तीच्या ग्रंथात याकोब देवदूताशी झुंजतो आणि लंगडत बाहेर पडतो. पुढच्याच अध्यायात एसाव त्याला बरोबर चलण्याचा आग्रह करतो, तेव्हा मुलाबाळांच्या आणि गुराढोरांच्या चालीने आपण सावकाश येऊ, असे याकोब सांगतो. पाय लचकल्यावरच त्याला इतरांची चाल दिसली, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो. मार्जरीच्या पुस्तकाची कसोटीही हीच आहे. त्यात पदवी, संपत्ती, विद्वत्ता यांवरून माणसे पारखली जात नाहीत. कोण थांबला आणि कोण निघून गेला, एवढ्यावरच ती पारखली जातात.

आज आमच्या धर्मग्रामांतून कितीतरी आईवडील मुलांकडे, नातवंडांकडे परदेशी एकटे जातात. गुडघे दुखत असतात, इंग्रजी तुटपुंजी असते, वाटेत विमान बदलायचे असते. आगाऊ सांगितल्यास विमान कंपनी चाकांची खुर्ची देते आणि ती ढकलणारा माणूसही देते. मार्जरीला असे काही मिळाले नव्हते. तरीही तिचा ग्रंथ जुना झालेला नाही, कारण खुर्ची विमानाच्या दारापर्यंत आणि पुढे बाहेरच्या फाटकापर्यंत नेते. त्यापुढे मुलाच्या घरात कोणाच्या चालीने चालायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. म्हातारपणी जाऊ नका असे सांगणाऱ्यांनी आणि या हो म्हणून बोलावणाऱ्यांनीही ही दहा प्रकरणे वाचावीत. बॅरी विंडिएट यांनी आधुनिक इंग्रजीत केलेला अनुवाद १९८५ मध्ये पेंग्विनने प्रसिद्ध केला. तो सुबोध आहे. इंग्रजी वाचणाऱ्या तरुण मंडळींनी तो घरातील वडीलधाऱ्यांना संध्याकाळच्या रोझरीनंतर थोडा थोडा मराठीत सांगावा. मार्जरीनेही तो सांगितलाच होता, लिहिला दुसऱ्यांनी.