प्रबंधाची चौकट आणि नदीचे पाणी

तंत्रविद्येच्या विद्यापीठातील प्रबंधांचे परीक्षण करताना बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात : पद्धती निर्दोष आहे काय, आणि निष्कर्ष नवा आहे काय? अभ्यासविषय समग्रपणे पाहिला गेला काय, हा तिसरा प्रश्न मात्र परीक्षकांच्या अहवालात क्वचितच आढळतो.

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे भीमाकाठचे गाव उदाहरणादाखल घेऊ. गावाच्या वरच्या अंगास, रांजणगाव सांडस येथे, मुळा-मुठा भीमेस मिळते आणि पुणे शहराचे सांडपाणी खाली येते. या पाण्यावर प्रबंध लिहावयाचा झाल्यास स्थापत्य विभाग प्रवाह मोजील, रसायन विभाग पाण्यातील विरघळलेला प्राणवायू तपासील, विद्युत विभाग उपशाच्या विजेचा हिशेब मांडील. यांपैकी प्रत्येक प्रबंध आपापल्या परीने पदवीस पात्र ठरेल. परंतु शेतकऱ्याच्या पाटात पाणी, क्षार, वीजबिल आणि उसाचा भाव हे सारे एकदमच येतात. तेथे विषयांच्या भिंती नाहीत.

ही अपेक्षा अवास्तव नाही, याला याच जिल्ह्यात दाखला आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. तथापि १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या पिंपळे सौदागरच्या पाहणीत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीच्या पृथक्करणाबरोबर जमिनीचे दप्तर आणि कुटुंबांची कर्जेही तपासली. १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हा त्यांचा निष्कर्ष केवळ प्रयोगशाळेतून निघणे शक्यच नव्हते. १९२१ ची दुसरी पाहणी कानिटकरांच्या सहकार्याने झाली. तिचा विषय होता शिरूर तालुक्यातीलच जातेगाव बुद्रुक.

यावर आक्षेप असा की, व्याप वाढला म्हणजे खोली कमी होते. आक्षेप रास्त आहे. मॅन यांच्याजवळ सहकारी होते व पदवीची मुदत नव्हती. आजच्या उमेदवारास २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन व कमाल सहा वर्षांत एकट्यानेच काम संपवावयाचे असते. म्हणून एका प्रबंधाने सर्व विषय कवेत घ्यावेत, असे आमचे म्हणणे नाही. शेजारच्या शास्त्राकडून कोणती गोष्ट गृहीत धरली, ती कोणाकडून पडताळून घेतली आणि ती चुकीची ठरल्यास निष्कर्षाचे काय होईल, एवढे प्रत्येक प्रबंधात स्पष्ट लिहिलेले असावे. अन्य विभागातील सहमार्गदर्शक घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनीच दिली होती. अडचण नियमांची नसून सवयीची आहे.

१८५४ साली सुरू झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास २०२२ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासमंडळे व परीक्षक नेमण्याचा अधिकार ज्या संस्थेच्या हाती येतो, तिने ही सवय मोडण्याची जबाबदारीही पत्करली पाहिजे. ‘अभ्यासक्षेत्र’ या मथळ्याखाली अक्षांश-रेखांशांसह दोन परिच्छेद लिहून गावाचा निरोप घेणारा प्रबंध शास्त्रीय दिसेल. पण त्याने गाव पाहिले, असे म्हणता येणार नाही.