कैवार : एका संदेशाचे नगरी वाचन

पोपमहाशयांचे संदेश आपल्या धर्मग्रामांत ऐकले जातात. वाचले जात नाहीत. रविवारच्या मिस्सेत, शेवटच्या आशीर्वादापूर्वीच्या सूचनांमध्ये त्यांचा सारांश येतो आणि घरी पोहोचेपर्यंत त्यातले एखादे वाक्य लक्षात राहिले तरी पुष्कळ. रचना, प्रतिमा आणि शब्दनिवड यांच्या अंगाने, म्हणजेच वाङ्मय म्हणून, त्यांचा विचार करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या एका संदेशाचा तसा विचार करावा, आणि तोही नगर जिल्ह्याच्या मातीत उभे राहून करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा संदेश १३ मे २०२० चा. स्थलांतरित व निर्वासित यांच्यासाठी पाळण्यात येणाऱ्या जागतिक दिनाची परंपरा १९१४ पासूनची. त्यातील हा १०६ वा दिन. एरवी या दिनी देशाची सीमा ओलांडून जाणाऱ्यांचा विचार होतो. या वेळी मात्र पोपमहाशयांनी आपल्याच देशात बेघर झालेल्यांचा विषय निवडला होता. त्यात कोरोनाची साथ आली, आणि साथीने ज्यांना असुरक्षित व एकाकी केले अशा सर्वांना त्यांनी संदेशाच्या कक्षेत घेतले. मध्यवर्ती प्रतिमा आहे पवित्र कुटुंबाच्या मिसर देशातील पलायनाची. बाराव्या पायस यांनी १९५२ मध्ये निर्वासितांविषयी लिहिताना हीच प्रतिमा स्वीकारली होती.

ही प्रतिमा आपल्याला परकी नाही. फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून, म्हणजे १६१६ पासून, ख्रिस्तचरित्र मराठीत नांदते आहे. पण आपली भक्ती बहुधा गव्हाणीपाशी थांबते. तीन राजे येऊन गेले की आपण गव्हाणी आवरून ठेवतो. रात्रीच्या अंधारात बाळाला घेऊन निघालेल्या योसेफ-मारियेच्या मागे आपण जात नाही. संदेशाने आपल्याला त्या वाटेवर आणून सोडले, हे त्याचे पहिले श्रेय.

दुसरे श्रेय रचनेचे. संदेशाचा गाभा क्रियापदांच्या सहा जोड्यांत बांधलेला आहे: समजून घ्यायचे तर ओळख करून घ्या, सेवा करायची तर जवळ जा, समेट हवा तर ऐका, वाढायचे तर वाटून घ्या, उन्नती घडवायची तर सहभागी करून घ्या, उभारायचे तर सहकार्य करा. प्रत्येक जोडीत पहिले पाऊल गाळून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. ही रचना उपदेशकाची नाही, शिक्षकाची आहे.

आता ती नगरच्या भूमीवर तपासून पाहू. आपला जिल्हा स्थलांतराच्या दोन्ही टोकांना आहे. पाथर्डीकडची कोरडवाहू गावे बीड जिल्ह्यातील गावांप्रमाणेच ऊसतोडीला माणसे पाठवतात. प्रवरा-गोदावरीच्या काठचे कारखाने ती बोलावून घेतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको निघतात आणि त्या दोघांची नोंद 'एक कोयता' अशी होते. संदेश म्हणतो की, आकड्यांवर थांबू नका, माणसे पाहा. येथे तर माणसाचा आकडाही मांडला जात नाही. दोन माणसे मिळून एक हत्यार मोजले जाते. 'ओळख करून घेणे' ही पहिली पायरी किती अवघड आहे, हे या एका शब्दावरून कळावे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम संपत आला होता. गावाकडे निघालेली कुटुंबे कोप्यांत अडकली. राज्यभरातील अशा सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगारांना वैद्यकीय तपासणी करून घरी परतण्याची परवानगी १७ एप्रिलला मिळाली. तोपर्यंतचे दिवस त्यांनी कसे काढले असतील? शिधापत्रिका गावच्या दुकानाशी बांधलेली, म्हातारे आईवडील गावी, आणि 'घरातच राहा' ही आज्ञा पाचटाच्या कोपीत राहणाऱ्यांनाही तशीच लागू.

कायद्याची बाजूही पाहावी. स्थलांतरित कामगारांसाठी त्या वेळी जो केंद्रीय कायदा होता, तो १९७९ चा. आणि तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडहून नगरला आलेला तोडणी कामगार त्यात बसत नव्हता. देशाची सीमा न ओलांडणाऱ्याला जग निर्वासित म्हणत नाही, तसे राज्याची सीमा न ओलांडणाऱ्याला हा कायदा स्थलांतरित म्हणत नव्हता. सीमेच्या आत राहिलेले दुःख मोजणीत येत नाही, हे संदेशाचे मूळ निरीक्षण आपल्या दाराशी इतके नेमके लागू पडते.

मात्र समीक्षकाने केवळ आरती ओवाळू नये. संदेशात एक जागा अशी आहे की, जिथे तो या मातीत अडखळतो. 'ऐका' असे सांगताना पोपमहाशय त्या वर्षी रस्त्यांवर पसरलेल्या शांततेचा उल्लेख करतात. ती शांतता भयावह होती, पण तिने दुर्बलांची हाक ऐकण्याची संधी दिली, असे त्यांचे म्हणणे. रोममध्ये ते खरे असेल. आपल्याकडे शांतता गच्चीवरून दिसणाऱ्या रस्त्यांपुरती होती. महामार्गांवर दिवसरात्र पावले वाजत होती. संदेशावर तारीख पडली त्याच्या पाचच दिवस आधी, ८ मे रोजी पहाटे, शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघून मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी ते भुसावळकडे चालले होते. गाड्या बंद आहेत, या समजुतीने ते रुळांवरच झोपले. त्यांनी शांततेवर विश्वास ठेवला आणि तो विश्वासच त्यांना घातक ठरला. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ते डोळ्यांसमोर ठेवून संदेशातील शांततेचे वाक्य वाचले की ते अपुरे वाटते.

याहून मोठा आक्षेप क्रियापदांविषयीच आहे. सहा जोड्यांत सेवा आहे, ऐकणे आहे, वाटून घेणे आहे. पण 'बाजू मांडणे' नाही. विशेष म्हणजे, हीच लेखणी महिनाभरापूर्वी तसे बोलली होती. १२ एप्रिल २०२० रोजी, आपली चर्चे बंद असलेल्या त्या पास्काच्या रविवारी, पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या लोकचळवळींना पत्र लिहिले. फेरीवाले, कचरा वेचणारे, बांधकाम मजूर अशा हक्कविहीन कष्टकऱ्यांसाठी किमान वेतनाच्या सार्वत्रिक तरतुदीचा विचार करण्याची वेळ आली आहे, असे त्यांनी त्यात सुचवले. ते पत्र धारदार आहे. हा संदेश मवाळ आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय लेखकाचे म्हणणे पुरते कळत नाही.

आणि येथे आपली मराठी आपल्याला मदत करते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू ज्या पवित्र आत्म्याचे वचन देतो, त्याच्यासाठी मराठी बायबलमध्ये 'कैवारी' हा शब्द आहे. हाक मारल्यावर बाजूला येऊन उभा राहणारा, असा मूळ ग्रीक शब्दाचा आशय. सांत्वन करणारा दुःखिताच्या समोर बसतो. कैवारी त्याच्या बाजूने उभा राहून तिसऱ्याशी बोलतो. कारखान्याशी, कचेरीशी, सरकारशी बोलतो. दया आणि कैवार यांतला हा फरक आहे. टाळेबंदीत कारितास इंडियासारख्या संस्थांनी आणि अनेक धर्मग्रामांनी शिधा वाटला, ते पुण्याचेच काम. परंतु शिधा संपतो. शिधापत्रिकेचा प्रश्न उरतो.

'हे राजकारण झाले' असे कोणी म्हणेल. कैवाराला किंमत असते, हेही खोटे नाही. झारखंडच्या विस्थापित आदिवासींची बाजू मांडणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. तुरुंगात असताना त्यांना कोरोनाने गाठले आणि ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. पण कैवाराची दुसरी, शांत वाटही आपल्याच जिल्ह्याने पाहिली आहे. त्याच वर्षी निवर्तलेले स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाकर यांनी पाणलोट विकासाचे जे काम येथे उभे केले, त्यात गावकऱ्यांचे श्रमदान आणि गावकऱ्यांचाच निर्णय यांना पहिले स्थान होते. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावात डोंगरावर पाणी अडले, तेव्हा गाव सोडून जाण्याची सक्ती सैल झाली. संदेशातील 'सहभागी करून घ्या' ही पाचवी पायरी नगरच्या माळावर आधीच लिहिली गेली होती.

सहावी पायरी सहकार्याची. ज्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला या शब्दाचा अर्थ कोणी शिकवायला नको. तरीही ऊस पिकवणारा त्या सहकाराचा सभासद असतो आणि ऊस तोडणारा नसतो, हे सत्य उरतेच.

संदेशाचा शेवट संत योसेफाच्या स्मरणाने होतो: रातोरात उठून कुटुंबासह निघालेल्या योसेफाच्या. येत्या डिसेंबरात आपण पुन्हा गव्हाणी शाकारू. तेव्हा गावाबाहेरच्या फडाशेजारी, त्याच उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्यांत पाळणे हलत असतील. तेथे नाताळचा फराळ न्यावाच. पण त्याबरोबर एक वहीही न्यावी: प्रत्येक कोयत्यामागची दोन नावे वेगवेगळी लिहून घ्यावीत, मुलांची वये विचारावीत, शिधापत्रिका कोठली आहे ते पाहावे आणि सोमवारी त्यांच्यासोबत तहसील कचेरीत जावे. संदेशाने न उच्चारलेले सातवे क्रियापद आपल्याला तेथे सापडेल.